न दिसणारा विस्तव

ज्या काळी घरोघर समया, चिमण्या आणि रॉकेलचे कंदील जळत, त्या काळी दिव्याजवळ वावरणारा मनुष्य आपोआप सावध असे. ज्योत डोळ्यांना दिसे. पदर सावरून दिवा लावावा, चिमणी गवताच्या गंजीजवळ नेऊ नये, निजण्यापूर्वी दिवा शांत करावा, हे कोणी पुस्तकातून शिकवीत नसे. वडीलधाऱ्यांच्या धाकाने ते लहानपणीच अंगवळणी पडे. पुढे विजेचा दिवा आला. १८७९ साली अमेरिकेत एडिसनने बराच काळ टिकणारा दिवा तयार केला, आणि १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागलेदेखील. या दिव्याला तेल नको, वात नको. काजळी नाही, की वाऱ्याने मालवण्याचे भय नाही. बटण दाबले की उजेड! ज्योत दिसेनाशी झाली, तशी माणसाची सावधगिरीही हळूहळू मावळली. विस्तव मात्र घरातून गेला नव्हता. तो काचेच्या आत, भिंतीच्या आत आणि छताच्या आड जाऊन बसला होता.

या दडलेल्या विस्तवाचा प्रताप इंग्लंडच्या राजघराण्याने एकदा चांगलाच अनुभवला. लंडनच्या पश्चिमेस विंडसर नावाचे गाव आहे. तेथे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा एक भव्य किल्ला असून राजघराण्याचे ते एक निवासस्थान आहे. २० नोव्हेंबर १९९२ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास तेथील खासगी प्रार्थनामंदिरात आग लागली. कोणी काडी ओढली नव्हती, की कोठे शेगडी पेटलेली नव्हती. उजेडाचा झोत टाकणारा एक प्रखर दिवा तेथील पडद्याला अगदी लागून होता, एवढेच. पडदा तापत राहिला आणि अखेरीस त्याने पेट घेतला. ज्वाळा छतापर्यंत गेल्या, छतातून शेजारच्या दालनांत शिरल्या, आणि पाहता पाहता सेंट जॉर्ज हॉल या विशाल सभागृहाचे छप्परही कोसळले. आगीचे बंब आले, शेकडो जवान झटले, तरी ती आग विझण्यास सुमारे पंधरा तास लागले. लहानमोठ्या ११५ खोल्यांची हानी झाली. किल्ल्यातील नोकरचाकर, सैनिक आणि राजपुत्र अँड्रू यांनीही रांगा करून हातोहात चित्रे, ग्रंथ आणि मौल्यवान सामान बाहेर काढले. सुदैव असे की, विजेच्या जुन्या तारा बदलण्याचे काम तेथे चालू असल्यामुळे अनेक दालनांतील वस्तू आधीच हलवलेल्या होत्या. मनुष्यहानी झाली नाही. परंतु किल्ला पूर्ववत करण्यास पाच वर्षे लागली आणि सुमारे ३ कोटी ६५ लाख पौंड खर्च झाले.

या घटनेत विचार करण्याजोगी गोष्ट ही की, त्या दिव्यात काही बिघाड झाल्यामुळे आग लागली नव्हती. दिवा आपले काम चोख बजावीत होता. तापणे हा त्याचा धर्मच होता. चुकली होती ती त्याची जागा.

विजेचा दिवा तापतो कसा, हे आता पाहू. तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की तारेचा पदार्थ त्या प्रवाहाला थोडाफार अडथळा करतो. या अडथळ्यास रोध म्हणतात. रोधाशी झगडताना विजेची काही शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. तांब्याच्या जाड तारेचा रोध फार कमी असतो, म्हणून ती सहसा तापत नाही. काचेच्या जुन्या पद्धतीच्या दिव्यात टंगस्टन धातूचा केसासारखा बारीक तंतू असतो. त्याचा रोध मोठा असतो आणि तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. तो सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि म्हणूनच प्रकाशतो. अशा दिव्याला दिलेल्या शक्तीच्या शंभर भागांपैकी जेमतेम पाच भागांचा उजेड होतो. उरलेल्यांची उष्णता होते. तेव्हा त्याला उजेड देणारी वस्तू म्हणण्यापेक्षा थोडासा उजेड देणारी लहानशी शेगडी म्हणणे अधिक योग्य ठरेल!

ही शेगडी उघडी असेपर्यंत भय नाही. भोवतालची हवा उष्णता घेऊन वर जाते, तिची जागा गार हवा घेते आणि काच एका मर्यादेपलीकडे तापत नाही. परंतु अभ्यास करणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणून कोणी दिव्यावर पंचा टाकतो, किंवा पावसाळ्यात न वाळलेले मोजे दिव्याच्या छत्रीवर पसरतो. मग हवेची ये-जा बंद होते. दिव्याची उष्णता पूर्वीइतकीच निर्माण होत असते, तिला जाण्यास वाट मात्र उरत नाही. ती तेथेच साचते. कापड प्रथम पिवळे पडते, नंतर तपकिरी होते आणि पुढे कोळपते. यास कधी काही मिनिटे लागतात, कधी तास. आणि तेवढ्या वेळात पंचा टाकणारा मनुष्य गाढ झोपी गेलेला असू शकतो. दिव्याच्या छत्रीवर किंवा होल्डरवर पुष्कळदा ‘कमाल ४० वॅट’, ‘कमाल ६० वॅट’ असे छापलेले असते. त्याचे कारणही हेच. चाळीस वॅटच्या जागी शंभर वॅटचा दिवा लावला, तर उजेड वाढतो आणि छत्रीत कोंडणारी उष्णताही वाढते.

हे झाले दिव्याच्या अंगच्या उष्णतेविषयी. परंतु घरांतील आगींना दुसरे एक कारण घडते, आणि ते अधिक फसवे आहे. जेथे मुळीच उष्णता निर्माण होऊ नये, तेथे ती निर्माण होते. अशी जागा म्हणजे सैल सांधा.

दोन तारा एकमेकींना नीट घट्ट जोडल्या असतील, तर प्रवाह एकीतून दुसरीत सहज जातो. सांधा सैल झाला की त्या एक-दोन बिंदूंपाशीच काय त्या टेकतात. जत्रेच्या दिवशी मैदानात पसरलेली गर्दी देवळाच्या चिंचोळ्या दारापाशी कशी दाटते, तशी विजेची त्या बिंदूंपाशी दाटी होते. तेथील रोध वाढतो आणि तो एवढासा भाग तापू लागतो. तापलेल्या तांब्यावर हवेतील प्राणवायूमुळे काळसर थर चढतो. या थरातून वीज नीट वाहत नाही, म्हणून रोध आणखी वाढतो. रोध वाढला की उष्णता वाढते, आणि उष्णतेने सांध्याचा स्क्रू किंवा स्प्रिंग अधिकच ढिली पडते. असे हे दुष्टचक्र महिनोन्‌महिने मुकाट्याने चालू राहते. अखेर त्या फटीत ठिणग्या उडू लागतात.

उष्णता किती निर्माण होते याचा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला तर त्याच तारेतील उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते. हा नियम शाळेच्या फळ्यावर निरुपद्रवी वाटतो. घरात तो काय करू शकतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, एका घरात शनिवारी सकाळी शाळेची घाई चालली आहे. इस्त्रीचा मोठा प्लग दुसऱ्या खोलीत असून त्यावर पाण्याचा पंप जोडलेला आहे. तेव्हा सुमनच्या दादाने दिव्याच्या होल्डरमधून दिवा काढला, त्या जागी बाजारात मिळणारी एक जोडपिन बसवली आणि तीवर इस्त्री लावली. इस्त्री तापली. गणवेश कडक झाला. काही वावगे घडले असे कोणालाच वाटले नाही, आणि पुढे दर शनिवारी तोच क्रम सुरू झाला.

आता हिशेब करू. आपल्या घरात विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. साठ वॅटचा दिवा सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेते, म्हणजे दिव्याच्या सुमारे सतरापट. जूलच्या नियमाप्रमाणे त्याच होल्डरमध्ये, त्याच लोंबत्या बारीक तारेत आणि वाटेतील त्याच सांध्यांत उष्णता निर्माण झाली ती मात्र पावणेतीनशेपटींहून अधिक! होल्डरच्या आत पितळेच्या दोन खिळ्या असतात आणि त्यांना मागून स्प्रिंगा रेटत असतात. त्या एका दिव्याचा भार वाहण्यासाठी घडवलेल्या असतात. दर शनिवारच्या तापाने स्प्रिंगांचा ताठरपणा गेला आणि खिळ्या दिव्याला नीट टेकेनाशा झाल्या.

काही महिन्यांनी आजीच्या ते ध्यानात आले. “अगं सुमन, हा दिवा असे डोळे का मिचकावतो गं?” तिने विचारले. “काही नाही गं आजी, त्याला जरा थाप मारली की नीट लागतो,” सुमन म्हणाली आणि काठीने दिव्याला हलकेच टोचून तिने तसे करूनही दाखवले. दिवा खरोखरच स्थिर झाला. अशी थाप बहुतेक घरांतून मारली जाते. थापेने सैल खिळी क्षणभर जागेवर येते, म्हणून दोष गेला असे वाटते; वस्तुतः लुकलुकणारा दिवा जी तक्रार सांगत असतो, ती तेवढ्यापुरती दाबली जाते. आजीला विजेचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण फडफडणारी ज्योत पाहून वात तपासण्याची तिला जन्माची सवय होती. तिने वायरमनला बोलावणे धाडण्यास सांगितले. होल्डर उतरवून पाहिला, तेव्हा त्याची आतील बाजू काळी ठिक्कर पडली होती आणि तारेवरचे वेष्टण हात लावताच भुग्यासारखे गळून आले.

येथे कोणी विचारील, “पण घरात फ्यूज असते ना? ती काय करीत होती?” प्रश्न योग्य आहे. फ्यूज, म्हणजेच वितळतार, ही तारेच्या मार्गात मुद्दाम ठेवलेली दुबळी कडी आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की ती वितळते आणि मार्ग तोडते. दोन तारा एकमेकींना भिडून प्रवाहाचा लोंढा आला, किंवा एकाच तारेवर चार-पाच मोठी उपकरणे लावली, तर ती आपले कर्तव्य बजावते. अलीकडच्या घरांत तिच्या जागी एम.सी.बी. नावाचे आपोआप पडणारे बटण असते. तेही प्रवाहाच्या अतिरेकावरच नजर ठेवते. परंतु सैल सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही. उलट वाटेत अडथळा वाढल्याने तो किंचित कमीच होतो. पहारेकऱ्याला चोर मोजण्याची आज्ञा दिलेली असावी आणि घरातलेच कोणी आत आग लावीत असावे, तशी ही स्थिती होय. फ्यूज बिचारी शांत राहते, कारण तिच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते. विंडसरच्या किल्ल्यातही दिव्याचा प्रवाह जेवढा असावयास हवा तेवढाच असणार; पडद्याशी फ्यूजला काय कर्तव्य?

फ्यूज वारंवार जाऊ लागली तर काही जण तिच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळतात आणि ‘आता पाहू कशी जाते ती!’ म्हणून निर्धास्त होतात. हा उपाय म्हणजे ज्वर मोजणारी नळी फोडून रोगी बरा झाल्याचे समाधान मानण्यासारखा आहे. जाड तार वितळणार नाही हे खरे. मग भिंतीतील तार वितळेल.

तात्पर्याने जे यंत्राला कळत नाही ते माणसाच्या डोळ्यांना, कानांना आणि नाकाला कळावे लागते. सुदैवाने सैल सांधा अगदीच मुका नसतो. दिवा लुकलुकतो; बटण दाबताना किंवा दाबल्यावरही बारीक तडतड ऐकू येते; पांढऱ्या पाटीवर तपकिरी डाग उमटतो; पाटी हाताला कोमट लागते. पुष्कळदा पहिली सूचना वासाने मिळते. तापलेल्या वेष्टणाचा वास जळक्या रबरासारखा येतो, आणि काही प्रकारच्या बटणांचा व होल्डरांचा वास तर चक्क नासलेल्या मासळीसारखा असतो. स्वयंपाकघरात मासळी नसताना तसा वास येऊ लागला, तर मांजरावर आळ घेण्यापूर्वी भिंतीवरच्या पाट्यांकडे पाहावे! नळीच्या जुन्या दिव्यांची चोक नावाची पेटी गुणगुणते आणि तापतेही. नळीची दोन्ही टोके नुसती लाल होऊन ती पुनःपुन्हा पेटण्याचा प्रयत्न करीत असेल, तर चोक वाजवीपेक्षा अधिक तापत राहते. असा दिवा रात्रभर तसाच ठेवू नये. अशी कोणतीही खूण दिसली तर त्या दिव्याचे बटण बंद करून वडीलधाऱ्यांना सांगणे एवढेच मुलांचे काम. पाटी उघडणे, तार ओढणे किंवा स्क्रू फिरवणे हे मुलांनी कदापि करू नये. ते जाणत्या वायरमनचे काम आहे, आणि तोही आधी मुख्य स्विच बंद करतो.

जुन्या वाड्यांतून लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या तारा अद्याप आढळतात. त्यांच्यावरील रबराचे वेष्टण वयोमानाने ठिसूळ होते. माळ्यावर उंदीर तारा कुरतडतात. पावसाळ्यात भिंतीला ओल आली म्हणजे पाटीच्या आत गंज चढतो. दहा-वीस वर्षांत एकदा सर्व तारा तपासून घेण्याचा खर्च लोकांना जड वाटतो, पण घराला रंग देण्याच्या खर्चापेक्षा तो बहुधा अधिक निकडीचा असतो.

सणावारी मात्र नवीन घरेही जुन्यांइतकीच धोक्यात येतात. गणपतीच्या मखरात कापडी पडदे, कागदी फुले आणि दिव्यांच्या माळा अगदी दाटीने एकत्र येतात. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी घालण्यात आली ती पर्यावरणाच्या कारणाने. परंतु आगीच्या दृष्टीनेही तो पदार्थ वाईटच, कारण तो वितळून जळतो आणि काळाकुट्ट धूर सोडतो. दिवाळीच्या आकाशकंदिलात तापणारा दिवा कागदाला टेकता कामा नये. वाऱ्याने कंदील हलला तरी टेकणार नाही अशा बेताने तो मध्यभागी टांगलेला असावा. माळांचे सांधे नुसते पिळून उघडे ठेवणे, एका प्लगमध्ये दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा खुपसत जाणे, माळेची तार दाराच्या फटीतून किंवा सतरंजीखालून नेणे, हे सर्व सणाच्या गडबडीत घडते. लांब तारेचे वेटोळे तसेच ठेवून तिच्यावर भार टाकला, तर आतील वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून तार पूर्ण उलगडून वापरावी. घरची मंडळी आरास पाहण्यास बाहेर पडली, की मखरात माळा कोणाच्याही देखरेखीवाचून तासन्‌तास जळत राहतात.

आता घरोघर एल.ई.डी. दिवे आले आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून ते स्वस्त दराने देशभर पोहोचले. पूर्वी साठ वॅटच्या दिव्याने पडे तेवढा उजेड हा दिवा सुमारे नऊ वॅटमध्ये देतो. त्यामुळे उष्णता पुष्कळच कमी झाली, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि हाही दिवा तापतो. फरक इतकाच की, त्याची उष्णता पुढे काचेकडे न जाता मागे बुडाकडे साचते, कारण त्याचे सूक्ष्म विद्युत्साहित्य तेथे असते. चहूबाजूंनी बंद असलेल्या घुमटात तो कोंडला तर लवकर निकामी होतो. शिवाय दिवा नवा आला तरी होल्डर, बटण आणि तारा त्याच राहिल्या. त्या होल्डरवर पुढच्या शनिवारी इस्त्री लागणार नाही, अशी हमी एल.ई.डी. कशी देणार?

इतके करूनही कधी ठिणगी पडलीच, तर पहिल्या काही क्षणांत काय केले जाते यावर पुष्कळ अवलंबून असते. पाण्याची बादली घेऊन धावण्याची बुद्धी होते. पण वीज चालू असताना पाणी ओतले तर पाण्यातून वीज अंगावर येण्याचा धोका असतो. प्रथम मुख्य स्विच बंद झाला पाहिजे. आग अगदी लहान असेल, तर मोठी माणसे तिच्यावर कोरडी वाळू किंवा माती टाकू शकतात. आग छताला भिडली, धूर पसरू लागला किंवा स्विचपर्यंत जाता येत नसेल, तर कशाचाही विचार न करता सर्वांनी बाहेर पडावे. धूर वर तरंगतो, म्हणून खाली वाकून किंवा रांगत जावे. भ्यालेली लहान मुले पुष्कळदा पलंगाखाली किंवा कपाटात लपतात आणि मग ती सापडत नाहीत. त्यांना हाताशी धरून न्यावे. जाताना खोलीचे दार ओढून घेतले तर आगीला मिळणारी हवा कमी होते. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशामक दलाला कळवावे, आणि दप्तर, पैसे वा इतर काहीही आणण्यासाठी परत आत जाऊ नये.

मुख्य स्विच कोठे आहे हे घरातील प्रत्येकास माहीत असावे लागते आणि त्याच्यापाशी अंधारातही पोहोचता यावे लागते. पुष्कळ घरांत तो दाराच्या मागे असतो, आणि त्याच्यासमोर छत्र्या, पिशव्या व जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा टांगलेला असतो.